साखळीचं वय

"पूर्वापार बांधतोच की आम्ही कुत्रं, डॉक्टर."

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात गुरांची डॉक्टर म्हणून नोकरी करताना हे वाक्य मी इतक्या वस्त्यांवर ऐकलं की शेवटी त्याचा माग काढायचं ठरवलं. जुन्या माणसांशी बोलत गेले, मिळेल ते वाचत गेले. दारातलं राखणीचं कुत्रं रात्रंदिवस साखळीला जखडून ठेवायची रीत आमच्या भागात पूर्वापार नाही, अशी माझी आता खात्री आहे. ही रीत विहिरीवरच्या मोटारीबरोबर आली, मळ्यातल्या वस्तीबरोबर वाढली आणि उसात बिबट्या शिरल्यावर कुत्र्याच्याच नव्हे, घरातल्या माणसांच्याही जिवावर उठली.

मळ्यात घरं नव्हती तेव्हा सगळं गाव गावठाणात राहायचं. भिंतीला भिंत लागलेली, बोळ अरुंद, गावाला वेस. रात्रीची राखण जागल्याकडे आणि रामोशाकडे. ते वतनाचं काम होतं, आणि ती माणसं किती हलाखीत, किती अपमान गिळून ते करत होती हे त्यांच्या नातवंडांकडून ऐकावं. कुत्रं एका घराचं नसायचं, आळीचं असायचं. माझी आजी ओतूरची. रात्रीची जेवणं झाली की ती उरलीसुरली भाकरी कुस्करून ताकात कालवायची आणि ओसरीखालच्या दगडी डोणीत ओतायची. दोन-तीन कुत्री यायची, खायची, परत बोळाच्या तोंडाशी जाऊन पडायची. परका माणूस वेशीत शिरला की पहिलं कुत्रं भुंकायचं, मग दुसऱ्या आळीतलं, मग पलीकडचं. माणूस कुठवर आला हे घरात पडल्या पडल्या कळायचं, असं आजी सांगायची. यातलं एकही कुत्रं बांधलेलं नव्हतं, आणि बांधलं असतं तर राखणीची ही पद्धत चाललीच नसती.

त्या कुत्र्यांचं आयुष्य सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. दगड, उपासमार, खरूज हे सगळं होतंच. पिसाळलेलं कुत्रं चावलं की माणूस हाल हाल होऊन मरायचा. आपल्या देशात पिसाळीवरच्या उपचाराची पहिली संस्था कसौलीला १९०० साली निघाली, आणि तिथवर पोचणं आमच्या भागातल्या किती जणांना शक्य होतं? तरीही त्या कुत्र्याला सावलीत जाता येत होतं, पाणी शोधता येत होतं आणि जीव घेऊन पळता येत होतं.

मोठ्या लोकांकडे बांधलेली कुत्री होती, हे खरं. सरदारांकडे, संस्थानिकांकडे शिकारीची कुत्री असत. मुधोळच्या घोरपड्यांनी सांभाळलेली मुधोळ जात आजही त्याच नावानं ओळखली जाते. पण शिकारीच्या कुत्र्याच्या दिमतीला माणूस असे, त्याला रोज पळवावं लागे. न पळवलेलं कुत्रं सशामागं लागणार कसं? साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या समाधीपाशी त्यांच्या कुत्र्याचं दगडी शिल्प आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं अशी कथा तिथं सांगतात. कथा खरी किती ते असो, वाघ आला तेव्हा ते कुत्रं मोकळं होतं एवढं तिच्यात गृहीत आहे.

मोकळ्या राखणीची पद्धत सर्वांत शाबूत राहिली ती धनगरांकडे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरणारे आणि पावसाळ्याआधी परत वर येणारे वाडे आमच्या भागातून आजही जातात. रात्री शेतात मेंढरं बसवली की त्यांच्याभोवती वाघर लावतात, म्हणजे जाळ्याचं कुंपण. कुत्री वाघरीच्या बाहेर, चार दिशांना पडलेली असतात. लांडग्याचा वास आला की ती एकटी पुढं होत नाहीत, एकमेकांना हाक देऊन मिळून जातात. काही वाड्यांवर कुत्र्याच्या गळ्यात बाहेरून खिळे काढलेला पट्टा असतो, कारण बिबट्या असो वा लांडगा, पहिला घाव नरड्यावर असतो. एका धनगर बाबांना मी विचारलं होतं, रात्री बांधत नाही का? ते म्हणाले, "बांधल्यावर त्यानं काय करायचं, बाई? वरडायचं आन् मरायचं?"

धनगरांचा देव खंडोबा. त्याच्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रं कोरलेलं असतं. वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रं मानतो, हातातला कोटंबा हे त्याचं भिक्षेचं भांडं. याच उपासनेत लंगर तोडायचा विधी आहे: लोखंडी साखळीला भक्तानं झटका द्यायचा आणि ती तोडायची. त्याचा अर्थ जाणकार निरनिराळा लावतात, मी त्यात शिरत नाही. पण ज्या भागात कुलदैवतापुढं साखळी तोडण्याला मान आहे, तिथंच दारोदार कुत्री साखळीला खंगताना पाहिली की मला फार वाईट वाटतं.

शहराचा रस्ता वेगळा होता. मुंबईत कंपनी सरकारनं मोकळी कुत्री मारायचं फर्मान काढलं होतं. मारणाऱ्यांना कुत्र्यामागं पैसे मिळत, त्यामुळे ते घरात शिरूनही कुत्री ओढून नेऊ लागले. जून १८३२ मध्ये कोटातले पारशी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, दंगल झाली, लष्कर आणावं लागलं. पुढं शहरांत परवाना आला, गळ्यातला बिल्ला आला, आणि मोकळं कुत्रं म्हणजे बेवारस हा समज सरकारी झाला. खेड्यापर्यंत तो यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

आमच्याकडे खरा बदल स्वातंत्र्यानंतरचा. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं संपली, आणि ती संपायलाच हवी होती. पण गावाची रात्रीची राखणही त्याबरोबर संपली. त्याच सुमारास विहिरींवर वीज आली. पुढच्या काही दशकांत कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, पाट आले, ऊस आला, साखर कारखाने आले. रात्रीची वीज मिळाली की रात्रीच पाणी धरावं लागतं, मग गावठाणातून रोज कोण ये-जा करणार? माणसं मळ्यात राहायला गेली. आमच्या घरातून थोरले चुलते आधी गेले. एक पत्र्याचं छप्पर, दोन म्हशी, आणि सोबतीला आळीतलं एक पिल्लू.

आळीत जे काम दहा कुत्री मिळून करायची, ते वस्तीवर एकट्यावर आलं. पहिल्या वर्षांत ही कुत्री मोकळीच होती. चुलते सांगायचे, पहिलं कुत्रं शेजारच्या वस्तीवरच्या कोंबड्या खाऊ लागलं म्हणून भांडण झालं. दुसरं नाशिक-पुणे रस्त्यावर ट्रकखाली गेलं. तिसऱ्याला कुणी तरी विष घातलं. चौथं त्यांनी बांधलं. मला यात दुष्टपणा कुठंच दिसत नाही. कुत्रं जगावं म्हणूनच ते बांधलं. साखळी बाजारातून आणलेलीही नव्हती, ती म्हशीची होती. गोठ्यात खिळ्याला टांगलेली, जाड कड्यांची, म्हैस ओढेल तरी तुटणार नाही अशी. ती कुत्र्याच्या गळ्यात गेली आणि मग तेच ठरून गेलं. पुढच्या कुत्र्यानं कोंबडी मारली नव्हती, कुणाला चावलंही नव्हतं, तरी ते पहिल्या दिवसापासून बांधलं गेलं. ही रीत अशी एका पिढीत रुळली, आणि त्या पिढीच्या मुलांना ती बापजाद्यांची वाटू लागली.

साखळीनं काय होतं ते मी टेबलावर पाहिलं आहे. सर्वांत जास्त वेळा पाहिली ती गळ्यात रुतलेली दोरी. पिल्लू आणतात, गळ्यात नायलॉनची दोरी बांधतात, गाठ पक्की मारतात. पिल्लू वाढतं, दोरी वाढत नाही. मानेवरचे केस वरून झाकून टाकतात, त्यामुळे दिसत काहीच नाही. आधी येतो तो वास. मग कुत्रं मान एका बाजूला धरू लागतं, खाणं कमी होतं, डोक्याला सूज येते. आणलेल्या कुत्र्याला भूल द्यायची, केस भादरायचे, आणि मानेभोवती पूर्ण गोल फिरलेली चीर समोर येते. दोरी तळाशी असते, कातडीखाली, कधी स्नायूपर्यंत. पावसाळ्यात तिच्यात किडे झालेले असतात. टर्पेंटाइनचा बोळा धरला की ते वर येतात, चिमट्यानं एकेक काढायचे. दोरी कापून ओढून काढताना तिच्याबरोबर मांस निघतं. एकदा एक आजोबा असं कुत्रं टेम्पोतून घेऊन आले होते. दोरी निघाली तशी ते भिंतीला टेकून खालीच बसले. "रोज भाकरी मीच घालतो हो त्याला," म्हणत राहिले. आणि ते खरंच घालत होते. बांधलेल्या कुत्र्याला हात लावायचं राहून जातं, ते हे असं. मोकळं कुत्रं पायाशी येतं, अंग घासतं, म्हणून हाताला लागतं. बांधलेल्याकडे भाकरी लांबून सरकवली जाते.

वस्तीवर गेलं की साखळीची लांबी जमिनीवरच वाचता येते. खुंटीभोवती तेवढ्या अंतरापर्यंत गवताची काडी नसते. त्याच वर्तुळात हगायचं, त्यातच झोपायचं, त्यातच खायचं. मातीत गोचिडांची वीण. पाण्याचं भांडं सकाळी भरलेलं असतं, नऊच्या आत साखळी लागून ते उपडं होतं, आणि घरातली माणसं तोवर रानात गेलेली असतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग गार करतं आणि त्याला पाणी लागतं. एप्रिल-मे महिन्यात सकाळची सावली दुपारी सरकते, साखळी सरकत नाही. उष्माघातानं मेलेली कुत्री मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांच्या समोर हाताच्या अंतरावर सावली होती. घोणस किंवा नाग साखळीच्या टप्प्यात आला तर कुत्र्याला मागं हटता येत नाही.

बांधलेलं कुत्रं चावरं होतं, हेही खेड्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि चावरं आहे म्हणून तर बांधलंय असं त्याचं उत्तरही तयार असतं. अमेरिकेत डेन्व्हर शहरात याचा अभ्यास झाला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना केली, तेव्हा चावणाऱ्यांमध्ये अंगणात साखळीनं बांधलेली असण्याचं प्रमाण सुमारे २.८ पट निघालं. भ्यालेल्या प्राण्याला दोनच वाटा असतात, पळणं किंवा लढणं. साखळीनं पहिली वाट बंद होते. मग चेंडू आणायला गेलेलं लहान मूल वर्तुळाच्या आत जातं, आणि लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो.

आता बिबट्या. बारा ते अठरा महिने उभा असणारा ऊस ही त्याला लपायला आणि वीण घालायला सोईची जागा झाली. अकोले तालुक्यात, म्हणजे आमच्या डोंगरापलीकडेच, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यातही सर्वांत मोठा, ३९ टक्के, एकट्या कुत्र्याचा. शेळी बरीच खाली होती, ११ टक्क्यांवर. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात, कुत्रं दारात असतं.

अशा पहाटे मला बोलावणं यायचं, बहुतेक वेळा उशिरा. एका वस्तीवर गेले तेव्हा कुत्रं नव्हतंच. खुंटी जागेवर होती, साखळी ताठ सरळ उसाच्या दिशेनं पसरलेली होती, आणि टोकाला पट्टा तसाच बांधलेला, आतल्या बाजूला केस आणि रक्त. घरातल्या बाईंनी सांगितलं, एकदाच ओरडला, मग साखळीचा आवाज आला. ती खुंटी दारापासून तीन-चार पावलांवर होती. दाराच्या आत जमिनीवर दोन मुलं झोपलेली होती. त्या दिवशी मला सर्वांत जास्त भीती त्या अंतराची वाटली. राखणीला म्हणून ठेवलेल्या कुत्र्यानं बिबट्याला उंबऱ्यापर्यंत आणलं होतं, आणि इथं खायला मिळतं हे कळल्यावर तो पुन्हा येणार होता. वनखात्यालाही पिंजऱ्यात बिबट्या पकडायचा असतो तेव्हा आमिष म्हणून शेळी किंवा कुत्रं बांधावं लागतं. आम्ही तेच रोज रात्री, घराच्या दारात करतो.

शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला २०२५ च्या हिवाळ्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेल्यावर गावकरी स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागले. ते फोटो सगळ्यांनी पाहिले. धनगराच्या कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला. बिबट्यांची संख्या, ऊस, पिंजरे, सोडण्याच्या जागा, या सगळ्याची मोठी चर्चा आहे, ती व्हावी. पण दारातलं आमिष काढणं हे आपल्या हातातलं काम आहे, आणि त्याला कुठल्याही खात्याची परवानगी लागत नाही.

कायदा आहे, आणि तो जुना आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. सरकारनं स्वतः कायदा आणण्याचं आश्वासन दिल्यावर ते मागं घेतलं गेलं आणि १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या ११ व्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही तर तोही. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. त्या काळी ही रक्कम माणसाला जाणवत असेल. आज साखळीसुद्धा त्याहून महाग मिळते. ऑस्ट्रियानं २००५ पासून कुत्रं साखळीला ठेवण्यावर सरसकट बंदी घातली, थोडा वेळसुद्धा नाही. आपल्याकडे दंड वाढवा अशी मागणी होते, ती रास्त आहे. तरी माझा अनुभव असा की वस्तीवरचा माणूस दंडाला भिऊन नाही, कारण समजलं की बदलतो.

मुंबईत प्राण्यांच्या छळाविरुद्धची संस्था निघाली १८७४ साली. त्याच वर्षी इटलीत पॉम्पेच्या उत्खननात एका घराच्या प्रवेशापाशी राखेत एक पोकळी सापडली. तिच्यात प्लास्टर ओतल्यावर आकार निघाला तो कुत्र्याचा. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखी फुटला, घरातली माणसं निघून गेली, कुत्रं साखळीला राहिलं. राख साचत गेली तसं ते वर चढत गेलं, साखळी संपेपर्यंत. पाठ वळलेली, पाय वर, गळ्यात पट्टा. त्याचं छायाचित्र मी नोकरीत असताना पाहिलं. नंतर ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला आणि सांगली-कोल्हापूरकडे दाव्याला बांधलेली जनावरं गोठ्यातच बुडाली, तेव्हा मला तेच आठवलं. पाणी रात्रीतून चढतं, माणूस मुलाबाळांना घेऊन निघतो, दावं सोडायचं राहतं. आग लागली तरी हेच होतं. बांधलेल्याचा जीव दुसऱ्याच्या सवडीवर असतो.

वस्तीवर राहणाऱ्यांना माझं सांगणं आहे, आणि ते खर्चाचं नाही. शेळ्यांचा गोठा बिबट्यासाठी बंदिस्त केलाच असेल, तर त्यातला एक कोपरा रात्री कुत्र्याला द्या. तिथूनही ते भुंकतं आणि तुम्हाला तेवढंच हवं असतं. गोठा नसेल तर चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेलं खुराडं करा. वरची जाळी विसरू नका. दिवसा बांधावंच लागलं तर दोन खांबांत तार ताणून तिच्यावर सरकती कडी घाला, साखळीला भोवरकडी लावा म्हणजे पीळ बसणार नाही, आणि तार सावलीतून जाऊ द्या. पाणी सिमेंटच्या जड कुंडीत ठेवा. दिवसातून एकदा तरी कुत्रं सोडून बरोबर रानात न्या. पिसाळीची लस दर वर्षी टोचा, नर असो वा मादी, नसबंदी करून घ्या, भटकणं आणि भांडणं बरीच कमी होतात. आणि पिल्लाच्या गळ्यात दोरी बांधली असेल, तर आज संध्याकाळी तिच्याखाली दोन बोटं जातात का ते हात घालून बघा.